परदेशचा अभ्यासदौरा : दिवसाचा आणि रात्रीचा

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात, गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारप्रसंगी केलेले भाषण)



सत्कारसमारंभात वक्त्याने मुलांची पाठ थोपटावी, त्यांस सुयश चिंतावे आणि फार वेळ न घेता खाली बसावे, असा शिष्टसंप्रदाय आहे. आज तो आम्ही थोडा मोडणार आहोत. मंडळाच्या विद्यार्थी साहाय्य निधीकडे यंदा निराळ्या प्रकारचे अर्ज आले आहेत आणि त्यांवरून सभासदांत कुजबुज चालू आहे. ती कुजबुज उघड्या सभेत आलेली बरी, असे कार्यवाहांनी सुचविले, म्हणून हा विषय.

आजवर आपण शिक्षणशुल्कासाठी, वसतिगृहासाठी, पुस्तकांसाठी साहाय्य दिले. यंदाचे अर्ज परदेशच्या अभ्यासदौऱ्यासाठी आहेत. व्यापार-व्यवस्थापनाचे उच्च शिक्षण देणाऱ्या कित्येक महाविद्यालयांतून आता आठ-दहा दिवसांचा असा दौरा काढतात. कोणी दुबईस जातात, कोणी सिंगापुरास, कोणी हॉलंड-जर्मनीस. दिवसा तेथील कंपन्या, बंदरे, गोदामे पाहावयाची, अधिकाऱ्यांची व्याख्याने ऐकावयाची. सायंकाळनंतरचा वेळ मोकळा. खर्च लाखाच्या घरात सहज जातो, पुष्कळदा त्याच्याही पुढे. दौरा ऐच्छिक आहे असे पत्रकात छापलेले असते. पण वर्गातील साठांपैकी पन्नास जावयास निघाले, की उरलेल्या दहांच्या दृष्टीने तो ऐच्छिक राहत नाही. मग घरातील पाटल्या बँकेत तारण पडतात.

निधीत ज्यांनी पैसा घातला आहे, त्यांतले कित्येक मुंबईस गिरणीत, गोदीत राबलेल्यांचे वारस आहेत. कित्येक अजून होडीवर जातात. त्यांनी 'पोरांच्या मौजेसाठी आमचा पैसा का?' असे विचारले, तर तो प्रश्न अडाणीपणाचा म्हणून उडवून लावता येणार नाही. एका अर्जदाराच्या आईने तर दौऱ्याची कार्यक्रमपत्रिका आमच्यापुढे धरून विचारले, "रात्री आठानंतर हेच्यात कायएक लिवलेला नाय. मगे पोरां निजतत काय?"

निजत नाहीत. हे आम्ही माहितीने सांगतो, कारण अशाच एका दौऱ्याबरोबर मार्गदर्शक म्हणून हॉलंडास जाण्याचा योग आम्हांस आला होता. तेव्हा दिवसाविषयी आणि रात्रीविषयी, दोहोंविषयी स्पष्ट बोलणे प्राप्त आहे.

प्रथम कर्जाविषयी. कर्ज काढून अभ्यासासाठी परदेशी जाणे हाच मुळी अविचार, असे काही वडीलधारे म्हणतात. त्यांना आम्ही दादासाहेब फाळक्यांची आठवण देऊ. १९१२ च्या फेब्रुवारीत फाळके विलायतेस गेले, ते आयुर्विम्याच्या पॉलिसी तारण ठेवून. लंडनमध्ये ओळखीचे कोणी नाही. ज्या 'बायस्कोप' साप्ताहिकाचे अंक ते मुंबईत वाचीत, त्याच्या कार्यालयात ते सरळ गेले आणि संपादक कॅबोर्न यांना भेटले. या धंद्यात पडू नका, असा सल्ला कॅबोर्न यांनी प्रथम दिला. पण माणूस हटत नाही असे पाहून वॉल्टन येथे सेसिल हेपवर्थ यांच्या चित्रशाळेत त्यांना नेले. तेथे फाळक्यांनी चित्रीकरणाची अंगे डोळ्यांखालून घातली, विल्यमसनचा कॅमेरा आणि फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र यांची खरेदी ठरविली आणि दोनेक महिन्यांत ते परतले. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. आमच्या माहितीत मराठी माणसाने केलेला याहून फलदायी अभ्यासदौरा नाही. मात्र फाळके जाण्यापूर्वी कित्येक महिने मिळेल ते वाचीत होते, मिळेल ते चित्रपट पाहत होते, डोळे दुखावेपर्यंत. काय विचारावयाचे हे त्यांनी मुंबईतच ठरविले होते. आमच्या विद्यार्थ्यांपैकी किती जण काही ठरवून विमानात बसतात?

हॉलंडाचे नाव निघाले, तर वेंगुर्ल्यावाचून पुढे जाता येत नाही. वेंगुर्ल्याची डच वखार आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली आहे. निदान तिच्या भिंतींवर चढलेली झाडे पाहिली आहेत. १६३७ साली योहान फान ट्विस्ट नावाचा डच वकील विजापुरास आदिलशहाच्या दरबारी गेला आणि त्या सुमारास वेंगुर्ल्यास डच कंपनीचे ठाणे पडले. गोव्याच्या पोर्तुगिजांची नाकेबंदी करणाऱ्या गलबतांना अन्नपाणी पुरविणे आणि बातमी काढणे, ही त्या ठाण्याची मुख्य कामे. ही कंपनी १६०२ साली निघाली. तिचे भाग सामान्य नागरिकांनाही घेता येत आणि त्यांची खरेदी-विक्री अॅमस्टरडॅमच्या बाजारात होई. आजच्या शेअरबाजाराचा उगम तेथे दाखवितात. व्यवस्थापनशास्त्राचे विद्यार्थी ही कथा मोठ्या कौतुकाने सांगतात. त्याच कंपनीने १६२१ साली जायफळाच्या मक्त्यासाठी बांडा बेटांवरील बहुतेक लोकवस्ती नाहीशी केली, हे त्यांना क्वचितच सांगितलेले असते. आम्ही ते मुद्दाम सांगतो.

परंतु त्या डचांची एक सवय घेण्यासारखी होती. ते लिहीत. वेंगुर्ल्याच्या वखारीतील कारकून येथला भाव, येथला वारा, येथली अफवा, सारे काही बटाव्हियास लिहून कळवीत. शिवाजी महाराजांच्या हालचालींच्या बातम्या त्या पत्रांत आहेत आणि आपले इतिहाससंशोधक त्यांचा आधार घेतात. डच कंपनीचे ते दप्तर युनेस्कोने २००३ साली जागतिक स्मृतिठेव्यात नोंदविले; त्याचा मोठा भाग हेगच्या राष्ट्रीय दप्तरखान्यात आहे. आपल्या किनाऱ्यावर त्या काळी काय चालले होते, हे पाहण्यास आपल्याला हेगला जावे लागते, ही गोष्ट आम्हांस तेथे असताना फार बोचली.

आता प्रत्यक्ष दौऱ्याविषयी. रॉटरडॅमचे बंदर पाहिले. यंत्रे आपोआप पेटारे उचलतात आणि माणूस दिसत नाही, एवढे सांगून पुढे जातो, कारण त्याची चित्रे कोणासही घरबसल्या पाहता येतात. खरे पाहण्यासारखे होते आल्समीर येथील फुलांचे लिलावगृह. अॅमस्टरडॅमच्या विमानतळापासून ते फार दूर नाही. इमारत एवढी प्रचंड की तिच्या आत सायकलीवरून आणि छोट्या ओढगाड्यांवरून ये-जा करतात. फुले हॉलंडची, तशीच केनिया आणि इथिओपियाचीही. आणि या सर्वांचा मालक कोणी शेठ नाही. फुले पिकविणाऱ्यांची सहकारी संस्था आहे. आल्समीरचे लिलाव विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सुरू झाले. पण मूळ पद्धत त्याहून जुनी आहे. १८८७ साली ब्रूक ऑप लांगेडाइक या खेड्यात भाजी पिकविणारे शेतकरी माल होड्यांत घालून कालव्याने येत, आणि तेथे प्रथम उतरत्या भावाने लिलाव झाला. पुढे तेथे लिलावगृह बांधले, तेव्हा होडीच लिलावगृहातून जाईल अशी रचना केली. आज ते संग्रहालय आहे.

उतरता भाव म्हणजे काय, ते सांगितले पाहिजे, कारण आपल्या वाळूवर याच्या उलट चालते. मालवणच्या किनाऱ्यावर होडी लागली, की बांगड्याच्या वा सुरमईच्या वाट्याभोवती माणसे जमतात आणि पुकारा चढत जातो. आल्समीरला भिंतीवर मोठे घड्याळ असते. भाव वरच्या आकड्यापासून सुरू होतो आणि काटा भराभर खाली येतो. ज्याला माल हवा तो कळ दाबतो. पहिल्याने दाबली त्याचा माल. थांबलात तर स्वस्त मिळेल, फार थांबलात तर दुसरा घेऊन जाईल. एकेक सौदा काही क्षणांत तुटतो. फुलांचा दर्जा आधीच तपासून नोंदलेला असतो. अलीकडे बहुतेक खरेदीदार तेथे येतही नाहीत, दुसऱ्या गावी संगणकापुढे बसून कळ दाबतात. पैशाची वसुली लिलावगृह स्वतः करते आणि बागायतदाराच्या खात्यावर रक्कम जमा होते. बागायतदाराने खरेदीदाराच्या मागे फिरावयाचे नाही.

हे ऐकताना देवगडच्या आंबेवाल्यांच्या मनात काय येत असेल, ते आम्हांस ठाऊक आहे. आंब्याच्या पेट्या रात्री ट्रकने वाशीस जावयाच्या. तेथे दलाल आणि खरेदीदार हातावर रुमाल टाकून त्याखाली बोटांच्या खुणांनी भाव ठरविणार, ही वर्षानुवर्षे चालत आलेली रीत. आणि मग हमाली, तोलाई, अडत वजा होऊन पट्टी हाती येणार, ती केव्हा आणि किती रकमेची, हे आंबेवाल्याच्या हाती नाही. सारेच दलाल लबाड असतात असे आम्ही म्हणत नाही. हंगामाआधी बागेसाठी पैसा उचलून देणारा दलालच असतो, आणि अडीअडचणीला तोच उभा राहतो, हेही खरे. परंतु रुमालाखालचा भाव आणि भिंतीवरचा भाव यांत जो भेद आहे, तो डोळ्यांनी पाहिल्याखेरीज मनात ठसत नाही. देवगडच्या आंबा उत्पादकांच्या सहकारी संस्थेने थेट गिऱ्हाइकापर्यंत आंबा पोचविण्याची वाट काढली आहे. त्या वाटेवर पुढे काय करता येईल, हा प्रश्न घेऊन जो विद्यार्थी आल्समीरला जाईल, त्याचे तिकीट वसूल झाले.

पण आल्समीरचे घड्याळ पहाटे सहाच्या सुमारास फिरू लागते आणि सकाळी अकरापर्यंत पाहण्यासारखे फारसे उरत नाही. अॅमस्टरडॅमची नृत्यगृहे आणि मद्यगृहे बंद होतात पहाटे चार-पाच वाजता. यावरून आमच्या बसमधील देखावा आपण ताडला असेल. निम्म्याहून अधिक विद्यार्थी माना टाकून झोपलेले. काही जण लिलावगृहाच्या सज्जावरही कठड्याला टेकून डुलक्या घेत होते. एक मुलगी मात्र, आंबेवाल्याच्या घरातली, घड्याळावरचे आकडे वहीत उतरून घेत होती आणि तेथील माणसास विचारीत होती, की माल पोचल्यावर खराब निघाला तर तक्रार कोणापुढे करावयाची. दुसरा एक मुलगा सावंतवाडीकडचा. रात्रभर सर्वांबरोबर बाहेर होता, तरी सकाळी टक्क जागा. आम्ही आश्चर्य व्यक्त केले, तेव्हा म्हणाला, "सर, लहानपणापासून दहिकाल्यांना जागलो आहे, सकाळी शाळा चुकवीत नसू."

त्या उत्तराने रात्रीच्या विषयाकडे पाहण्याची आमची दृष्टी पुष्कळ बदलली. रात्रीचे जीवन हे काही पाश्चात्त्यांनी शोधून काढलेले नाही. कार्तिकी पौर्णिमेनंतर आपल्या गावोगावी जत्रा लागतात. पालखी झाली, की मध्यरात्रीच्या सुमारास दशावतारी मंडळी उभी राहतात आणि उजाडेपर्यंत खेळ चालतो. लेखी संहिता नाही, पोरेटोरे मांडीवर, बायका शालीत गुरफटलेल्या, बाहेर खाजेवाल्याची, चहावाल्याची, फुलेवाल्याची दुकाने भरात. हाही रात्रीचा व्यापारच आहे, आणि अनेक कुटुंबे त्यावर जगतात. आपण ज्याला भितो ती रात्र नव्हे. ओळखीचे डोळे नसलेली रात्र होय. जत्रेत मुलगा कोठे बसला आहे हे दहा जणांना ठाऊक असते. अॅमस्टरडॅमला कोणासही ठाऊक नसते.

म्हणून काही गोष्टी पालकांनी माहीत करून घ्याव्या. तेथे अठरा वर्षे पूर्ण झालेल्यास मद्य विकत मिळते. आपल्या राज्यात कडक मद्यासाठी पंचवीस वर्षांची अट आहे. बावीस वर्षांच्या मुलास ही मोकळीक एकदम मिळते. तेथे 'कॉफीशॉप' अशी पाटी असेल, तर ते कॉफीचे दुकान असेलच असे नाही. गांजा विकण्याची त्या दुकानांना सवलत आहे. आम्ही हे सांगितले तेव्हा एका पालकांचा चेहरा पाहण्यासारखा झाला, कारण चिरंजीवांनी 'रात्री कॉफीशॉपमध्ये बसलो होतो' असे कळविले होते आणि घरी सर्वांस समाधान वाटले होते. तेथली सवलत तेथेच राहते. त्यातले काही खिशात घालून परतणाऱ्यास आपल्याकडचा १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा लागू होतो आणि तो कठोर आहे. प्रवास-विमा हा व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा घ्यावाच लागतो. परंतु मद्याच्या अमलात झालेला अपघात कित्येक विमापत्रांत वगळलेला असतो, ते कलम आधी वाचावे. निवासाचा पत्ता कागदावर लिहून खिशात असावा, आणि बाहेर पडलेल्या टोळीने परततानाही टोळीनेच परतावे. मुलींना रात्री खोलीत कोंडून मुलांना मोकळे सोडण्याची जी सोय काही मार्गदर्शक करतात, ती आम्हांस पसंत नाही. नियम करावयाचा तो दोघांनाही सारखा करावा.

एवढी दक्षता घेतल्यावर मात्र आम्ही विद्यार्थ्यांना असे म्हणू, की रात्रीचे शहरही कंपनी पाहावी तसे पाहा. अॅमस्टरडॅममध्ये रात्रीच्या व्यवसायांच्या वतीने पालिकेशी बोलणी करणारा एक प्रतिनिधी असतो. त्यास तेथे 'रात्रीचा महापौर' म्हणतात. २०१२ ते २०१८ पर्यंत मिरिक मिलान नावाचा गृहस्थ त्या जागी होता. गजबजलेल्या रेंब्रांट चौकात गोंगाट आणि मारामाऱ्या कमी व्हाव्या म्हणून रस्त्यावर गणवेशातले मदतनीस ठेवण्याची योजना त्याच्या काळात झाली. शहराच्या मध्यापासून दूर असलेल्या काही नृत्यगृहांना चोवीस तासांचे परवाने मिळाले, म्हणजे सगळी गर्दी एकाच वेळी रस्त्यावर लोटू नये. लंडननेही पुढे २०१६ साली तसाच अधिकारी नेमला. आणि एवढे करूनही २०२३ साली अॅमस्टरडॅमच्या पालिकेने ब्रिटिश तरुणांना उद्देशून जाहिरात काढली, की धिंगाण्यासाठी येत असाल तर येऊच नका. त्याच वर्षी तेथल्या जुन्या वस्तीत रस्त्यावर गांजा ओढण्यास बंदी झाली. पाहुण्यांच्या पैशावर मोठ्या झालेल्या शहराने पाहुण्यांना दारातून परतविण्यासाठी पैसा खर्च करावा, याचा अर्थ काय, याचा अभ्यास बंदराच्या यंत्रांहून आम्हांस अधिक मोलाचा वाटतो.

कारण यजमानपणाची पाळी आता आपली आहे. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. १९९८ पासून कोकण रेल्वे धावते आहे. २०२१ साली चिपीचे विमानतळ सुरू झाले. तारकर्लीस आणि मालवणास ज्यांच्या घरी माजघराबाहेर परक्याचे पाऊल पडत नसे, त्यांनी न्याहारी-निवासाच्या पाट्या लावल्या आहेत, आणि त्यांत आपल्या ज्ञातीची घरे थोडी नाहीत. पाहुणे दिवसा किल्ला पाहतात, समुद्राच्या तळाशी जाऊन मासे पाहतात, दुपारी माशांचे जेवण जेवतात. आणि रात्री? रात्री त्यांना काहीतरी हवे असते. शेजारच्या गोव्याने त्याचे एक उत्तर दिले आहे. त्याचा पैसाही दिसतो आणि किनाऱ्यावरच्या गावांची तक्रारही ऐकू येते. पहाटे तीनला होडी काढणाऱ्या माणसाच्या घराशेजारी रात्री एकपर्यंत कर्णे वाजले, तर निवाडा कोणी करावा? रात्रीच्या कमाईतला वाटा गावाकडे किती राहावा? आपल्याकडे रापणीच्या ओढीत प्रत्येकाचा वाटा ठरलेला असतो, जाळ्याचा वेगळा, होडीचा वेगळा, ओढणाऱ्याचा वेगळा. पर्यटनाच्या रात्रीचे वाटे अजून कोणी पाडलेले नाहीत. देवळासमोरचा दशावतार पाहुण्यांसाठी तिकीट लावून दोन तासांत आटोपता करावा, अशी सूचना कोणी करतो, ती आम्हांस रुचत नाही. पण रात्रभराच्या खेळावर राबणाऱ्या नटाची बिदागी पाहिली, म्हणजे केवळ नाही म्हणून भागणार नाही, हेही कळते. हे प्रश्न सोडवावयास बाहेरचा कोणी येणार नाही. जे विद्यार्थी आज व्यवस्थापनशास्त्र शिकत आहेत, त्यांनाच उद्या ग्रामसभेत यावर बोलावे लागेल.

तेव्हा निधीने अशा दौऱ्यास साहाय्य करावे, असे आमचे मत आहे. पण देणगी म्हणून नव्हे, बिनव्याजी कर्ज म्हणून, आणि खर्चाच्या निम्म्यापर्यंतच. उरलेला अर्धा भाग कुटुंबाने उभा करावा, म्हणजे जावे की न जावे याचा विचार घरातही होईल. जाण्यापूर्वी विद्यार्थ्याने आपल्या जिल्ह्यातील एक प्रश्न लेखी नोंदवावा : मासळीचा लिलाव, काजूची प्रतवारी, न्याहारी-निवासाचे दर, काहीही. परतल्यावर एका महिन्यात त्यावर मराठीत दहा-पंधरा पानांची टिपणे लिहून द्यावी आणि आपल्या सभेत वाचावी. ती टिपणे मंडळाच्या वाचनालयात राहतील. वेंगुर्ल्याच्या डच कारकुनाने जे केले, ते आपल्या मुलांना जड जाण्याचे कारण नाही. टिपणे न देणाऱ्याकडून कर्जाचे हप्ते ताबडतोब सुरू करावे.

आणि जे जाऊ शकत नाहीत, त्यांच्याविषयी. दौऱ्यास न गेलेला विद्यार्थी आपल्या सभेत कोणापेक्षा कमी लेखला जाऊ नये, यासाठी निधीतून आणखी एक तरतूद व्हावी, असे आम्ही सुचवितो. वेंगुर्ल्याचे फळसंशोधन केंद्र, तेथले काजूचे कारखाने, मालवणचा मासळीचा लिलाव आणि वाशीचा फळबाजार, असा पाच-सहा दिवसांचा दौरा मंडळाने स्वतः काढावा. वाशीचा बाजारही रात्रीच भरात येतो. ट्रक येतात, पेट्या उतरतात, हमाल धावतात. तेथे जागण्यास कोणाच्या आईची हरकत असणार नाही. मार्चअखेरीस हापूसची आवक वाढू लागते, ती वेळ योग्य. बरोबर जाण्यास आम्ही तयार आहोत. ज्यांना यावयाचे असेल त्यांनी आपली नावे आजच कार्यवाहांकडे द्यावी, एस.टी.चे भाडे आणि जेवणखर्च निधीतून होईल, अंथरूण-पांघरूण मात्र ज्याचे त्याने आणावे.